कुंदाताई एकदाच सांगणार

शिरूरच्या बाजारपेठेत आमचा छापखाना आहे. आमचा म्हणजे अण्णांचा, मी आपला तिथला फ्लेक्सवाला. वाढदिवसाच्या पुढाऱ्याला गोरं करणं, त्याच्या डोळ्यांवर गॉगल चढवणं आणि खाली शुभेच्छुकांची डोकी ओळीनं मांडणं, यात माझा हात धरणारा घोडनदीच्या अलीकडंपलीकडं कुणी नाही. पण आज माझी टिमकी वाजवायची नाही. आज सांगायचंय कुंदाताईंबद्दल. आणि तेही नीट, एका दमात सांगायचं, कारण तेच तेच परत सांगतोय असं त्यांच्या कानावर गेलं तर माझं काही खरं नाही.

कुंदाताईंना कुठलीही गोष्ट दोनदा करायचा भयंकर राग. सकाळी न्हावऱ्याहून स्कूटीवर यायच्या, आणि हेल्मेट काढतानाच चेहऱ्यावरून कळायचं की बाई आज काहीतरी खमंग घेऊन आल्यात. "काय झालं ताई?" असं विचारलं की एक बोट वर. "सगळे जमू द्या. मी एकदाच सांगणार."

एकदा अण्णा नेमके कागद आणायला पुण्याला गेलेले. झालं! दिवसभर ती बातमी कुंदाताईंच्या पोटात आणि आमचा जीव टांगणीला. काउंटरवरच्या प्रतीक्षानं चहा पाजून बघितला, मी भेळ आणून बघितली. बाई ढिम्म! संध्याकाळी अण्णा दारात आले, त्यांना चपलाही काढू दिल्या नाहीत. तिथंच उभं करून सांगितलं, की न्हावऱ्यात काल नवरदेवाच्या घोड्याला वरातीचा कंटाळा आला आणि तो बँडवाले, करवल्या सगळ्यांना सोडून नवरदेवासकट सरळ आपल्या मालकाच्या गोठ्यात जाऊन उभा राहिला. नवरदेव मुंडावळ्या सांभाळत, "अहो, कुणीतरी उतरवा!" म्हणून ओरडतोय आणि गोठ्यात मालकाच्या म्हाताऱ्या आईशिवाय कुणी नाही!

मग त्या हसल्या. कुंदाताईंचं हसणं आधी ऐकू यायचं नाही. आधी फक्त खांदे हलायचे. मग डोळे मिटायचे, पदर तोंडाला जायचा, आणि मग एकाएकी एसटीनं करकचून ब्रेक मारल्यासारखा आवाज निघायचा. शेजारचा मोबाइलवाला गिऱ्हाईक टाकून बघायला यायचा. एकदा हसू सुटलं की मग परमेश्वर आला तरी ते थांबवू शकायचा नाही. हे लक्षात ठेवा, पुढं याचाच घोळ होणार आहे.

त्यांचा उखाणासुद्धा एकच होता. "घोडनदीच्या काठावर हळदीकुंकवाचा थाट, दत्तारावांचं नाव घेते, सोडा माझी वाट." बारसं असलं की बारशाचा थाट, वास्तुशांत असली की वास्तूचा थाट. बाकी सगळं जसंच्या तसं. बायका चिडायच्या. "कुंदे, नवा घे की गं!" तर म्हणायच्या, "का? ह्यो काय फाटलाय का?"

स्वयंपाकाचंही तेच. रविवारी कांदा-खोबऱ्याचं वाटण डबाभर करून फ्रीजमध्ये ठेवायचं आणि आठवडाभर त्यातच वांगी, त्यातच मटकी, त्यातच शेवग्याच्या शेंगा. एका गुरुवारी उत्साहाच्या भरात त्यांनी गवारीलाही तेच वाटण लावलं. सासूबाईंनी एक घास घेतला, ताटाकडं बघितलं आणि विचारलं, "सूनबाई, ही गवार हाय का कालचं वांगं परत आलंय?" हे कुंदाताईंनीच आम्हाला सांगितलं. अर्थात सगळे जमल्यावर.

आता त्यांचं काम काय, ते सांगतो. आमच्याकडं गिऱ्हाईक येतं. नवरा-नवरीची नावं, मुहूर्त, कार्यालय, मामा-काकांची फौज, सगळं प्रतीक्षा कॉम्प्युटरात भरून घेते. ही नुसती माहिती, तिला रूप नाही न रंग नाही. मग एक स्टाइलशीट ती माहिती उचलते आणि तिची छापायची पत्रिका करते. दुसरी तिचीच मोबाइलवर पाठवायची पत्रिका करते, तिसरी माझ्यासाठी फ्लेक्स. या स्टाइलशीटला आम्ही साचा म्हणायचो, आणि हे साचे सांभाळणं हे कुंदाताईंचं काम. लग्नाचे साचे वेगळे, साखरपुड्याचे वेगळे, जावळाचे, वास्तुशांतीचे, डोहाळजेवणाचे, दशक्रियेचे वेगळे. वेगळे म्हणायचे आपले! अण्णांच्या पुतण्यानं पहिला साचा लग्नाचा केला होता. पुढं ज्याला जे हवं त्यानं त्याचीच नक्कल मारली आणि चार शब्द बदलले. असे करत करत चाळीसेक साचे झाले. कुलदैवताचं नाव वर कसं टाकायचं ते चाळीस ठिकाणी लिहिलेलं. तारीख मराठीत कशी करायची ते चाळीस ठिकाणी. आणि चूक असली तर तीही चाळीस ठिकाणी, तितक्याच इमानदारीनं.

कामाला लागल्यावर कुंदाताईंना हे कळलं तेव्हा त्यांच्या अंगावर अक्षरशः काटा आला. पण अण्णा ऐकायचे नाहीत. "चाललंय ना? मग चालू दे की!" अण्णांचं धोरण असं की चालू गाडीला हात लावायचा नाही, बंद पडली की ढकलायचं.

ते बदललं एका फोन नंबरामुळं. छापखान्याचा नंबर मागंच बदलला होता. नवा नंबर लग्नाच्या साच्यात घातला, साखरपुड्याच्या घातला, पण वास्तुशांत आणि जावळ विसरले. तिथं खाली जुनाच नंबर छापून जात होता. आणि तो जुना नंबर आता मिळाला होता दौंड स्टेशनबाहेरच्या एका चहावाल्याला! लोक त्याला फोन करायचे, "आमच्या पत्रिका झाल्या का?" बिचारा आधी म्हणायचा, "राँग नंबर." लोक शिव्या द्यायचे. शेवटी कंटाळून तो म्हणायला लागला, "उद्या या." आता आमचे अण्णासुद्धा प्रत्येकाला "उद्या या" हेच सांगायचे, त्यामुळं कित्येक महिने कुणालाच शंका आली नाही.

कुंदाताईंचं माहेर दौंडचं, वडील रेल्वेत होते. एकदा माहेरी गेल्या असताना स्टेशनबाहेर चहा पीत उभ्या होत्या, आणि हा गडी फोनवर बोलताना त्यांनी ऐकला. "व्हय व्हय, कागद आलाय. गुलाबीच छापतोय. उद्या या." कुंदाताईंच्या हातातला चहा साडीवर! त्या तिथंच बाकड्यावर बसून हसायला लागल्या. चहावाल्याला वाटलं, बाईंना काहीतरी झालं, त्यानं पाणी आणलं.

दुसऱ्या दिवशी सगळे जमल्यावर त्यांनी अण्णांना सांगितलं, "अण्णा, त्यो माणूस गिऱ्हाइकाशी तुमच्यापेक्षा गोड बोलतो. त्यालाच छापखाना देऊन टाका. न्हाईतर मला सगळ्या साच्यांचा एक साचा करू द्या."

अण्णांनी भिंतीवरचं कॅलेंडर बघितलं. मग म्हणाले, "कर. पण ऐन लग्नसराई तोंडावर हाय. एक जरी तक्रार आली ना कुंदा, तर जुने चाळीस साचे परत लावायचे. आन् तू उद्यापासनं फ्लेक्सला रिंगा ठोकायला बसायचं."

"कबूल," कुंदाताई म्हणाल्या.

फ्लेक्सच्या कडेनं दोरी ओवायच्या रिंगा ठोकायचं काम म्हणजे काय ते मला माहीत आहे. ठोकायची, सरकायचं, ठोकायची, सरकायचं. कुंदाताईंसारख्या बाईला ती जन्मठेपच. मी म्हटलं, "ताई, कशाला घेता डोक्याला ताप? चाललंय ते बरं हाय की." तेव्हा त्या एकदाच न हसता बोलल्या. "संज्या, घरी रोज भाकरी थापते. रोज नव्यानं थापावी लागती आन् रोज संपती. धुणं रोजचं, भांडी रोजची. हे एकच काम असं हाय बघ, एकदा नीट केलं की केलेलं ऱ्हातं. ते माझ्याकडनं काढून घेऊ नका रे."  त्या दिवसापासून मी त्यांच्या पार्टीत.

मग छापखान्यात जो काय धुमाकूळ! त्यांनी सगळे साचे कागदावर छापून जमिनीवर पसरले. त्यातून पदर खोचून लाल पेन घेऊन फिरायच्या आणि जे दुसऱ्या कागदावर दिसलंय त्यावर काट मारायच्या. "पाहिलंय! हेही पाहिलंय! अगं बाई, हे तर चारदा पाहिलंय!" हाऊजी लागल्यासारखा आरडाओरडा. अण्णा भिंतीला चिकटून चालायचे. सगळीकडं सारखं असेल ते एका सामाईक फाइलीत जायचं. बाकीच्या साच्यांनी तिथून मागून घ्यायचं, आणि आपल्याकडं फक्त आपलं वेगळं असेल तेवढंच ठेवायचं. एकच वाटण आणि सात भाज्या, पण इथं सासूबाई नव्हत्या.

झालं त्या दिवशी सगळ्यांना गोळा केलं. "बघा हं. एकदाच दाखवणार." एका ठिकाणी फोन नंबर बदलला आणि बटण दाबलं. पडद्यावरच्या सगळ्या पत्रिकांखालचा नंबर टपाटप बदलला. अण्णा पुढं सरकले, चष्मा पुसला. "परत कर बरं." "न्हाई! एकदाच म्हटलं होतं!" आम्ही टाळ्या वाजवल्या, अण्णांनी स्वतःच्या खिशातून भजी मागवली.

लग्नसराई सुरू झाली. पाबळपासून दौंडपर्यंतच्या पत्रिका भराभर निघत होत्या आणि तक्रार नावालाही नव्हती. कुंदाताई हवेत होत्या. हवेत असलेल्या माणसाला थांबायचं कुठं ते कळत नाही. त्यांना आता ती लहान मुलांची ओळ दिसली. लग्नपत्रिकेत सगळ्यात खाली असते ना, "आमच्या मामाच्या लग्नाला नक्की यायचं हं!" आणि पुढं चिंगी, सोनू वगैरे. साखरपुड्यात आत्याच्या साखरपुड्याला, जावळात दादूच्या जावळाला. कुंदाताई म्हणाल्या, ओळ तर एकच हाय, फक्त नातं आणि प्रसंग बदलतो. त्यांच्या उखाण्याचंच भावंड. तीही उचलून सामाईक फाइलीत टाकली. मुलांची नावं भरलेली असतील तर ओळ आपोआप यायची, नातं आणि प्रसंग माहितीतून उचलायची. किती खूश झाल्या होत्या!

आणि दौंडकडच्या एका वस्तीवरचे सोपानआबा वारले. भरल्या घरचे, पिकलं पान. त्यांचे थोरले चिरंजीव दादासाहेब दशक्रियेची पत्रिका करायला आले. प्रतीक्षानं माहिती भरली. मुलं, सुना, जावई, भावकी. नातवंडांची नावंही त्या रकान्यात नीट भरली. पत्रिका दादासाहेबांना मोबाइलवर पाठवली, त्यांनी अंगठा दाखवून होकार दिला. आता आपल्याकडं पत्रिका वाचत कुणी नाही, जो तो आपलं नाव शोधतो. दादासाहेबांनी बघितलं ते एवढंच, की कुणा चुलत्याचं नाव राहून भांडण तर होणार नाही ना. नावं सगळी होती. पत्रिका सगळ्या भावकीत, पाहुण्यांत, चार गावांच्या ग्रुपवर गेली. वर आबांचा फोटो, विधीची वेळ, भीमेचा घाट. आणि सगळ्यात खाली, "आमच्या आजोबांच्या दशक्रियेला नक्की यायचं हं! – आरोही, शंभू, पिल्लू."

दुसऱ्या दिवशी सकाळी दादासाहेबांचा फोन आला. अण्णांनी कानापासून हातभर लांब धरला तरी आम्हाला सगळं ऐकू येत होतं. "आमच्या बापाच्या दहाव्याची चेष्टा लावली का? लोकं फोन करून हसत्यात!" फोन बंद झाला.  अण्णांनी रिंगा ठोकायच्या मशिनकडं बोट केलं.

कुंदाताई खुर्चीतून उठल्या. "बसते मी तिथं. पण आधी त्या घरी जाऊन माफी मागते."

अण्णांच्या गाडीतून आम्ही तिघं गेलो.  वस्तीवर ओसरीत पुरुषमंडळी बसलेली, दादासाहेब आमच्याकडं बघतसुद्धा नव्हते. आत भिंतीला टेकून आबांच्या मालकीण, गोदाआजी बसल्या होत्या. अण्णांनी हात जोडले. आजी म्हणाल्या, "सकाळपास्नं ह्यो सगळा आरडावरडा चाललाय, पर त्या कागदात हाय काय त्ये मला कुनीच सांगंना. माझा चष्मा फुटलाय. कुनी केला कागद? तू का गं? वाच बरं."

कुंदाताईंनी मोबाइल घेतला आणि वाचायला लागल्या. फोटोखालचं नाव वाचलं. वेळ वाचली, घाट वाचला. मुलांची नावं, जावयांची नावं.  ओसरीतली माणसं दारात येऊन उभी राहिली. मग त्या शेवटच्या ओळीशी आल्या. "आमच्या आजोबांच्या दशक्रियेला नक्की यायचं..." आणि थांबल्या.

मला त्यांचे खांदे दिसले. हलत होते.

मेलो! बाकीच्यांना वाटलं बाई रडतेय. एकजण म्हणालासुद्धा, "पाणी द्या तिला." पण मला ते खांदे माहीत होते. डोळे मिटले, पदर तोंडाला गेला. मी मनातल्या मनात खंडोबाला, भैरवनाथाला, जेवढी कुलदैवतं आमच्या साच्यात आहेत तेवढ्या सगळ्यांना हाका मारल्या. एकही आला नाही. एसटीचा ब्रेक लागला! त्या सुतकी घरात, भरल्या माणसांत, कुंदाताई हसल्या, आणि हसता हसता खरंच रडायला लागल्या. "चुकलं हो आजी, चुकलं माझं!"

दादासाहेब तावातावानं पुढं आले. आणि तेवढ्यात गोदाआजींच्या तोंडातून "हॅ" असा आवाज आला. मग पुन्हा "हॅ". म्हातारी हसत होती. गालावरून पाणी वाहतंय आणि हसतेय.

"आगं," आजी म्हणाल्या, "आमच्या घरच्या दर लग्नात पत्रिका वाटायला म्हातारा जायचा. मोठ्यांची नावं कवा वाचलीच न्हाईत त्यानं. दारात हुबा ऱ्हायचा, हात असा करायचा आन् पोरांचीच वळ म्हणायचा. मामाच्या लग्नाला यायचं हं! लोकं म्हणायची, आबा, तुम्ही बोलावल्याबिगर लग्नाला आल्यावानी वाटत न्हाई. आता त्याचं बोलावणं कोण करनार? पोरांनी केलं. ब्येस झालं की."

"आई, अगं लोकं हसत्यात!" दादासाहेब म्हणाले.

"मग हसू दे. त्याच्या नावानं रडायला कुनीबी येनारच व्हतं, हसायला येत्यात ह्ये माझ्या म्हाताऱ्याचं नशीब. आन् वर्षसराद्धालाबी हेच छापायचं, आत्ताच सांगून ठिवते."

 दादासाहेबांनी मोबाइल हातात घेतला, ती ओळ स्वतःशीच वाचली आणि मोबाइल कुंदाताईंना परत दिला. "तक्रार न्हाई आमची," ते म्हणाले.

दहाव्याला भीमेच्या घाटावर पाय ठेवायला जागा नव्हती. ज्यांना पत्रिका नव्हती तेही आले. येणारा प्रत्येकजण त्या पिल्लूला शोधून सांगत होता, "आलो बरं का बाबा, तू बोलावलंस म्हणून." पिल्लू गंभीरपणानं मान डोलवत होतं.

माफी मागायला गेलो त्या दिवशी परतताना अण्णा गाडी चालवत म्हणाले, "तक्रार न्हाई म्हणाला ना त्यो? मग तक्रार आलीच न्हाई." थोड्या वेळानं म्हणाले, "त्ये जुने साचे पुसून टाक कुंदा." मागच्या सीटवर कुंदाताई पुन्हा रडत होत्या, पण आता खुशीनं. मीही डोळे पुसले, उगाच कशाला खोटं बोलू?

कुंदाताईंनी लगेच दुरुस्ती केली. दशक्रियेला, श्राद्धाला मुलांची ओळ येणार नाही. आणि त्याच्याखाली, मनाविरुद्ध कपाळाला आठ्या घालत, एक अपवाद लिहिला. सोपानआबांच्या घरचं असेल तर यावी. "माझ्या एवढ्या स्वच्छ फाइलीत एका घरासाठी वेगळी ओळ!" म्हणून दिवसभर चिडचिड करत होत्या. पण लिहिली.

पुढं काही महिन्यांनी दत्तारावांना दौंडकडच्या कंपनीत काम मिळालं आणि त्यांचं बिऱ्हाड हललं. जाण्याआधी कुंदाताईंनी सगळा साचा मला समजावला, अर्थातच एकदा. शेवटी त्या अपवादावर बोट ठेवलं. "याला हात लावायचा न्हाई. बाकी सगळं सामाईक, एवढं एकच वेगळं ऱ्हाऊ दे." मी अजून हात लावलेला नाही. मागच्या महिन्यात आबांच्या वर्षश्राद्धाची पत्रिका निघाली, आणि कुणी काही न सांगता खाली ती ओळ आली.

पण कुंदाताई म्हटलं की मला दिसतो तो शिरूरचा एसटी स्टँड. स्कूटी सामानाच्या टेम्पोतून आधीच गेली होती, म्हणून त्या दौंडच्या बसनं निघाल्या. आम्ही सगळे पोचवायला. अण्णांनी भजीची पुडी खिडकीतून दिली.  कंडक्टरनं घंटी मारली, बस हलली, आणि कुंदाताईंनी खिडकीतून अर्धं अंग बाहेर काढून सगळ्या स्टँडला ऐकू जाईल असं ओरडून सांगितलं, "आमच्या दौंडला नक्की यायचं हं!"

सगळा स्टँड हसला. अण्णांना हल्ली कमी ऐकू येतं. ते माझा हात धरून म्हणाले, "काय म्हणली रं? काय म्हणली?" मी नुसतं बसकडं बोट केलं. बस फाटकातून वळत होती. आणि त्या वळणावर कुंदाताईंनी अण्णांकडं बघितलं, पुन्हा डोकं बाहेर काढलं, आणि तीच ओळ, अगदी तशीच, दुसऱ्यांदा म्हटली.